एम्स ते ऑशकॉश: स्वतः बांधलेल्या विमानातून वाट कशी काढतात

दर जुलैच्या अखेरीस अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ऑशकॉश नावाच्या बेताच्या गावात विमानांची जत्रा भरते. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संघटना ती भरवते, आणि त्या आठवड्यात ऑशकॉश व आसपासच्या विमानतळांवर मिळून दहा हजारांच्या घरात विमानं येतात. त्यातली पुष्कळशी कुठल्याही कारखान्यात तयार झालेली नसतात. कुणी घरच्या गॅरेजमध्ये, कुणी धान्याच्या कोठारात, संध्याकाळ-संध्याकाळ रिव्हेट ठोकत पाच-सात वर्षांत ती उभी केलेली असतात. मग त्याच विमानात बसून ही मंडळी शेकडो मैल उडत जत्रेला येतात.

वाट कशी सापडते त्यांना? "जीपीएस आहे की!" हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. पडद्यावर आपण कुठे आहोत ते दिसतं. वाऱ्याने किती सरकवलं, पेट्रोल पुरेल का, पुढचा ढग गाठायच्या आत मागे फिरायचं का, हे ठरवायला डोक्यात एक हिशेब सतत चालू ठेवावा लागतो. तो हिशेब जागेपेक्षा वेळेचा जास्त असतो, आणि तो समजला की बाकीचं बरंच सोपं होतं.

आधी या विमानांबद्दल थोडं. अमेरिकेत बहुतांश काम स्वतः, शिकण्याच्या वा छंदाच्या हेतूने केलं असेल तर विमान 'हौशी बांधणी'चं म्हणून प्रायोगिक वर्गात नोंदवता येतं. आपल्याकडे हे नाव निघालं की कॅप्टन अमोल यादव आठवतात. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं आणि त्याची नोंदणी हाती पडायला 2017 साल उजाडलं. अमेरिकेत कागदपत्रं तुलनेने सुटसुटीत आहेत, पण विमान तयार झालं की लगेच देशभर भटकायची परवानगी तिथेही मिळत नाही. आधी ठरवून दिलेल्या टापूतच चाचणीची उड्डाणं करावी लागतात. प्रमाणित इंजिन आणि पंख्याची (प्रोपेलरची) जोडी असेल तर साधारण 25 तास, नाहीतर 40. हे तास सक्तीची कटकट वाटतात खरे, पण लांबच्या प्रवासाचे सगळे आकडे याच तासांत हाती येतात. कारखान्याच्या विमानासोबत जाडजूड पुस्तिका मिळते, अमुक उंचीवर अमुक वेग, तमुक इंधन. घरी बांधलेल्या विमानाची पुस्तिका बांधणाऱ्यानेच उडून उडून लिहायची असते.

आता एक खराखुरा मार्ग घेऊ. आयोवा राज्यातलं एम्स हे विद्यापीठाचं गाव. तिथून ऑशकॉश सरळ रेषेत सुमारे 250 सागरी मैल, म्हणजे साधारण 465 किलोमीटर. विमान धरू घरी बांधायच्या 'आरव्ही' मालिकेतल्या आरव्ही-12 सारखं: दोन आसनं, शंभर अश्वशक्तीचं रोटॅक्स इंजिन, वेग 115 नॉट, टाकी सुमारे 75 लिटरची. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. त्यामुळे नकाशावरच्या उभ्या रेखांश-रेषेवरच्या खुणा हीच मोजपट्टी होते, वेगळी फूटपट्टी लागत नाही.

नकाशा असतो 'सेक्शनल'. एक सेंटिमीटरला पाच किलोमीटर या प्रमाणाचा, दर 56 दिवसांनी नवा निघणारा. त्यावर रस्ते, रेल्वे, तळी, विजेच्या तारा, उंच मनोरे आणि कुठलं आकाश कुणाच्या ताब्यात आहे याच्या रंगीत रेषा असतात. एम्सपासून ऑशकॉशपर्यंत पेन्सिलीने रेघ मारली की वाट नशिबाने छान निघते. पहिले 64 मैल झाल्यावर वॉटर्लू शहर येतं, सीडर नदीकाठचं, जॉन डिअरच्या ट्रॅक्टर कारखान्यांचं. 120 मैलांवर मिसिसिपी ओलांडायची, तीही अगदी प्रेअरी डू शीन गावाजवळ, जिथे विस्कॉन्सिन नदी तिला मिळते. पुढे बॅराबू, मग रिपन आणि शेवटी ऑशकॉश. वॉटर्लूच्या विमानतळाचं नियंत्रित आकाश जमिनीपासून साधारण अडीच हजार फुटांपर्यंतच, त्यामुळे वरून निघून जाता येतं. दक्षिणेला मॅडिसनचं गजबजलेलं आकाश आणि उत्तरेला व्होक फील्डभोवतीची लष्करी सरावाची क्षेत्रं दूर राहतात. उंची मनाला येईल ती घ्यायची नसते. होकायंत्रानुसार पूर्वेच्या अर्ध्या भागात जाणाऱ्याने विषम हजार अधिक पाचशे, पश्चिमेच्या अर्ध्या भागात जाणाऱ्याने सम हजार अधिक पाचशे फूट, म्हणजे समोरासमोरचे दोघे एका पातळीवर येत नाहीत. आपण ईशान्य-पूर्वेकडे निघालो आहोत, तेव्हा 5,500 फूट.

नकाशावर रेघेची दिशा मोजली, खऱ्या उत्तरेपासून 62 अंश भरली. विमानाचं नाक 62 अंशांवर धरून दोन तास गेलं तर ऑशकॉश येईल? वारा पूर्ण पडलेला असेल तरच.

भर पावसात नदी ओलांडणारा नावाडी पलीकडच्या घाटाकडे तोंड करून वल्हवत नाही, बराच वरच्या अंगाला रोख धरतो, तेव्हा कुठे होडी घाटाला लागते. विमानाचं तेच. ते हवेत असतं आणि हवा स्वतःच जमिनीवरून सरकत असते. समजा 5,500 फुटांवर वायव्येकडून, 330 अंशांवरून, 25 नॉटचा वारा आहे. आपल्या वाटेशी जवळपास काटकोनात. काहीच केलं नाही तर तासाभरात विमान वाटेच्या 25 मैल उजवीकडे असेल. त्रिकोण मांडला (वैमानिक तो गोल सरकपट्टीवर किंवा टॅबलेटवर मांडतात) तर उत्तर येतं: नाक साडेबारा अंश डावीकडे, म्हणजे सुमारे 50 अंशांवर धरायचं. मग विमान खेकड्यासारखं तिरकं दिसेल, पण जमिनीवरची त्याची वाट 62 अंशांचीच राहील. जमिनीवरचा वेग पडेल 113 नॉट, म्हणजे आडव्या वाऱ्याने वेग फारसा खाल्ला नाही. हाच 25 नॉटचा वारा तोंडावर आला असता तर वेग 90 वर आला असता आणि सव्वादोन तासांचा प्रवास पावणेतीन तासांचा झाला असता.

आता हे 50 अंश होकायंत्रावर जसेच्या तसे धरता येत नाहीत. सुई भौगोलिक उत्तर दाखवत नाही, चुंबकीय उत्तर दाखवते, आणि दोन्हीतला फरक जागोजाग बदलतो. सिएटलला तो सुमारे 15 अंश पूर्वेकडे आहे, मेन राज्यात जवळपास तेवढाच पश्चिमेकडे. मुंबईत तो एका अंशाच्याही आत असल्यामुळे आपल्याला त्याची सहसा जाणीव होत नाही. आपली वाट मजेशीर आहे, कारण फरक शून्य असलेली रेषा सध्या मिसिसिपीच्या खोऱ्याच्या आसपास आहे. एम्सला जेमतेम एखादा अंश पूर्वेकडे, ऑशकॉशला तीनेक अंश पश्चिमेकडे, मध्ये कुठेतरी काहीच नाही. सरासरी एक अंश पश्चिम धरून तो मिळवायचा, झाले 51.

यापुढचा दोष मात्र विमानाचा स्वतःचा. होकायंत्राजवळून गेलेली वीजवाहक तार, पोलादी स्क्रू, रेडिओचा स्पीकर, चुंबकत्व धरून बसलेली पोलादी नळी, यातली प्रत्येक गोष्ट सुईला ओढते. कारखान्यात हे सगळं एकदा ठरतं आणि पुढच्या हजार विमानांत तसंच राहतं. घरी बांधलेल्यात प्रत्येकाची तार वेगळ्या वाटेने गेलेली असते. म्हणून विमान मोकळ्या जागी नेऊन, इंजिन आणि सगळी उपकरणं चालू ठेवून, दर तीस अंशांवर उभं करून होकायंत्र काय दाखवतं ते लिहायचं, आणि ते छोटं कार्ड होकायंत्राखाली चिकटवायचं. कार्डावर आपल्या दिशेला एका अंशाची दुरुस्ती लिहिलेली असेल तर धरायचे 52. उड्डाणात त्याच्याशेजारी कुणी मोबाइल ठेवला की कार्ड रद्दी झालं म्हणून समजा. वळताना आणि वेग वाढवता-कमी करतानाही होकायंत्र खोटं बोलतं, त्यामुळे ते वाचायचं ते सरळ, एकसारख्या उड्डाणातच.

होकायंत्राला दोष देण्याचा विक्रम मात्र डग्लस कॉरिगन यांच्या नावावर राहील. जुनं कर्टिस रॉबिन विमान विकत घेऊन, स्वतः दुरुस्त करून, जादा टाक्या बसवून त्यांनी अटलांटिक ओलांडायची परवानगी मागितली होती, ती नाकारली गेली. 17 जुलै 1938 ला ते न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला म्हणून निघाले आणि 28 तासांनी डब्लिनला उतरले. सुईचं उलटं टोक वाचलं, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर ते बदललं नाही, आणि फारसा कुणाचा त्यावर विश्वासही बसला नाही.

वेगमापकाचंही तसंच. तो हवेचा दाब मोजतो, आणि दाब मोजायचं बारीक भोक विमानाच्या कुशीवर कुठे आणि कसं आहे यावर त्याचा खरेपणा ठरतो. आरव्ही विमानांच्या आराखड्यात तिथे डोकं थोडं बाहेर आलेला साधा रिव्हेट असतो. काहींना तो गावठी वाटतो, ते त्या जागी सपाट, चकचकीत भाग बसवतात आणि मग वेग व उंची दोन्ही चुकीची दिसू लागतात. म्हणून चाचणीच्या तासांत एकाच वेगाने वेगवेगळ्या दिशांना उडून जीपीएसवरचा जमिनीचा वेग टिपायचा, वाऱ्याचा परिणाम त्यातून काढून टाकायचा आणि आपला काटा किती खोटं दाखवतो ते कळून घ्यायचं. 115 नॉट समजून आखलेला प्रवास प्रत्यक्षात 108 नॉटचा निघाला तर पुढचे सगळे आकडे कोसळतात.

निघालो. घड्याळात वेळ टिपली. इथून पुढे घड्याळ हेच मुख्य उपकरण: दर दहा मिनिटांना सुमारे 19 मैल, वॉटर्लू 34 मिनिटांनी, मिसिसिपी तासाभरानंतर चारेक मिनिटांनी, चढायला लागलेली जादा मिनिटं वेगळी. क्रम महत्त्वाचा आहे. आधी घड्याळ पाहायचं, मग नकाशावर त्या वेळी काय यायला हवं ते पाहायचं, मग खिडकीबाहेर ते शोधायचं. उलटं केलं, म्हणजे खाली दिसणारं गाव नकाशावर शोधत बसलं, की मन कुठल्याही गावाला हवं ते नाव देतं. नवशिके हरवतात ते बहुधा इथेच.

आयोवात जमीन वाचायला फार सोपी. 1785 च्या कायद्याने अमेरिकेच्या मध्यभागातली जमीन एकेक मैलाच्या चौकोनांत मोजून वाटली गेली, आणि रस्ते त्या चौकोनांच्या कडांनी, नेमके उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम गेले. वरून पाहिलं तर राज्यभर आलेखाचा कागद अंथरलेला. होकायंत्र बिघडलं तरी दिशा खाली लिहिलेली असते. सरळ पूर्वेला उडत असाल तर 115 नॉटला दर 27 सेकंदांनी एक रस्ता मागे पडायला हवा. हे मैल मात्र जमिनीवरचे, सागरी मैलापेक्षा लहान. जलकुंभांवर गावांची नावंही रंगवलेली असतात, ती वाचायला खाली उतरावं लागतं हा भाग वेगळा.

मग ईशान्य आयोवात हा कागद चुरगळतो. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्यांनी जो टापू सपाट केला नाही, तो मिसिसिपीच्या दोन्ही काठांवर पसरला आहे: कडे, दऱ्या, नागमोडी रस्ते, झाडी. चौकोन मोडतात, गावं दरीत लपतात आणि एक दरी दुसरीसारखी दिसते. इथे छोट्या खुणांचा नाद सोडून मोठ्या रेषेवर भरवसा ठेवायचा. मिसिसिपी आडवी पसरलेली आहे, ती न दिसता ओलांडली जाणं शक्य नाही. प्रश्न एवढाच की आपण तिच्यावर कुठे पोहोचलो. दोन नद्यांचा संगम डोळ्यांसमोर असेल तर ठीक. नसेल तर डावीकडे आहे की उजवीकडे, हे कळायला वाऱ्याचा मागचा तास आठवायचा.

तो तास असा वाचतात. समजा 34 मिनिटांनी वॉटर्लू आलं, पण पायाखाली नाही, डाव्या हाताला सहा मैलांवर. म्हणजे वारा अंदाजापेक्षा दहाएक नॉटने जोरात आहे. साठ मैलांत एक मैल चूक म्हणजे एक अंश, हा वैमानिकांचा पाढा. 64 मैलांत सहा मैल म्हणजे साधारण सहा अंश. नाक सहा अंश डावीकडे घेतलं की विमान आणखी सरकायचं थांबेल, पण मूळ रेघेला समांतरच राहील. उरलेल्या 186 मैलांत ते सहा मैल भरून काढायचे तर आणखी दोन अंश. एकूण आठ अंश डावीकडे, आणि ऑशकॉश समोर येईल. कागद नाही, गणकयंत्र नाही. जीपीएसच्या जांभळट रेघेवर विमान चिकटवून बसणाऱ्याला हेच उत्तर आयतं मिळतं, फक्त वारा बदलला आहे ही बातमी त्याच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. आणि पेट्रोलच्या दृष्टीने ती बातमीच महत्त्वाची असते.

पेट्रोलचा हिशेब. ताशी 19 लिटर धरले तर सव्वादोन तासांना 43 लिटर. दिवसाच्या उड्डाणाला नियमाप्रमाणे अर्ध्या तासाचं इंधन शिल्लक हवं, ते 10 लिटर. 75 लिटरच्या टाकीत हे आरामात बसतं. तोंडावरच्या वाऱ्यात 53 अधिक 10, तेही बसतं, पण आता हात आखडतो. ऑशकॉशच्या गर्दीत उतरायला थांबवून ठेवलं तर अर्धा तास कसा जातो ते कळत नाही. माझं मत विचाराल तर नियमातला अर्धा तास विसरावा आणि तासाभराचं शिल्लक धरावं. घरी बसवलेल्या इंधनकाट्यावर तर अजिबात विसंबू नये. टाकीत काठी बुडवून पाहावं आणि पुढे घड्याळावर मोजावं.

वारा पेट्रोल कसं खातो याचं सर्वात टोकाचं उदाहरण अंटार्क्टिकातलं आहे. ऑस्ट्रेलियाचे जॉन जोहान्सन डिसेंबर 2003 मध्ये स्वतः बांधलेल्या आरव्ही-4 मधून न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिलहून निघाले, एकटेच, दक्षिण ध्रुवावरून थेट अर्जेंटिनाला जायला. ध्रुव ओलांडला, पण वारे अपेक्षेपेक्षा जड निघाले. हिशेब केला तेव्हा अर्जेंटिना पेट्रोलच्या पल्ल्यात उरलेलं नव्हतं, म्हणून ते मॅकमर्डो तळावर उतरले. तिथल्या अमेरिकी आणि न्यूझीलंडच्या तळांनी खासगी मोहिमांना इंधन देत नाही म्हणून नकार दिला. शेवटी ब्रिटिश वैमानिक पॉली व्हॅकर यांनी स्वतःच्या मोहिमेसाठी तिथे साठवलेलं पेट्रोल देऊ केलं आणि जोहान्सन न्यूझीलंडला परतले. त्यांच्यावर टीका खूप झाली. पण चुकीच्या वाऱ्याचा अर्थ वेळेत ओळखून उतरता येईल तिथे उतरणं, हा भाग त्यांनी बरोबर केला.

हवामानाबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण तीच जीव घेते. आपण डोळ्यांनी पाहत उडतो आहोत. ढगात शिरलो की क्षितिज जातं आणि कानातला तोल खोटं सांगू लागतो. 1954 साली इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगात, उपकरणांवर उडायचा सराव नसलेल्या वीस वैमानिकांना अशा स्थितीत टाकलं, तेव्हा विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. म्हणून विस्कॉन्सिन नदीच्या खोऱ्यात सकाळचं धुकं बसलं असेल तर प्रेअरी डू शीनच्या अलीकडे उतरून चहा-कॉफी घ्यावी. धुकं दहा-अकराला उठतं.

आणि जीपीएस? लावावं, जरूर लावावं. प्रायोगिक विमानात प्रमाणपत्राची सक्ती नसलेले पडदे बसवता येतात, त्यामुळे पुष्कळ घरगुती विमानांत कारखान्यात बनलेल्या जुन्या सेसनापेक्षा भारी उपकरणं असतात. तरी जुलैच्या उन्हात काचेच्या घुमटाखाली मांडीवरचा टॅबलेट तापून स्वतःच बंद पडतो. लष्करी चाचण्यांमुळे काही भागांत संदेश बिघडतात, तशा सूचना आधी निघतात. रेडिओवर रडार केंद्राला आपल्यावर नजर ठेवायला सांगता येतं, तेही करावं. हरवलोच तर वर चढायचं, म्हणजे दृष्टी आणि रेडिओ दोन्ही लांब पोहोचतात, आणि लाज न बाळगता सांगून टाकायचं.

शेवटचे पंधरा मैल वेगळ्याच जगातले. जत्रेच्या आठवड्यात रिपनपासून बहुतेक विमानं एका रांगेत, अर्ध्या मैलाच्या अंतराने, 90 नॉट आणि 1,800 फूट धरून खालच्या रेल्वेरुळांवरून फिस्क नावाच्या वस्तीकडे निघतात. तिथे एका टेकाडावर दुर्बिणी घेतलेले नियंत्रक बसलेले असतात. ते नावाने हाक मारत नाहीत, रंगाने मारतात: "लाल, खाली पंखांचं विमान, पंख हलवा." तुम्ही बोलायचं नाही, पंख हलवायचे. मग ते धावपट्टी सांगतात, आणि त्या धावपट्टीवर कुठल्या रंगाच्या ठिपक्यावर टेकायचं ते टॉवर सांगतो. खिडकीत 'एचबीपी' (होमबिल्ट पार्किंग) अशी पाटी लावलेली असली की झेंडेवाले तुम्हाला घरगुती विमानांच्या गवताकडे वळवतात.

उतरल्यावर विमान दोरांनी जमिनीला बांधून झालं की टाकी भरायची आणि किती लिटर बसले ते लिहायचं. 43 चा अंदाज होता आणि 47 बसले, तर ताशी 19 चा आकडा खोडून 21 करायचा. परतीला तो लागेल, कारण त्या भागात वरचे वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात. येताना पाठीवर 25 नॉट आणि जाताना तोंडावर 25 नॉट असले तर फिट्टमफाट होते असं वाटतं, पण तसं होत नाही. 140 नॉटने येणं आणि 90 नॉटने जाणं मिळून बिनवाऱ्याच्या प्रवासापेक्षा तेरा मिनिटं जास्त लागतात, कारण तोंडावरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं. नव्या आकड्याने ती तेरा मिनिटं म्हणजे साडेचार लिटर.